सोळा माणसांची कचेरी कशी आखावी: आधी आवाज, मग हवा, रंग सर्वांत शेवटी

रंगीत बीनबॅग, भिंतीवर मोठ्या अक्षरांतला सुविचार, कोपऱ्यात कॅरम आणि उरलेल्या हॉलमध्ये ओळीने मांडलेली टेबले, अशी कचेरी उद्घाटनाच्या दिवशी फार देखणी दिसते. तिसऱ्या महिन्यात तिथली निम्मी माणसे कानांत हेडफोन घालून बसलेली असतात आणि ग्राहकाचा फोन आला की जिन्यात जाऊन उभी राहतात. लेखन, भाषांतर, संकल्पन, सॉफ्टवेअर, संशोधन अशा डोक्याने करायच्या कामांसाठी जागा आखताना बहुतेक चुका सजावटीच्या नसून क्रमाच्या असतात. ज्या गोष्टी नंतर बदलता येत नाहीत त्या घाईत उरकल्या जातात आणि ज्या कधीही बदलता येतात त्यांच्यावर महिनाभर चर्चा चालते. हा लेख पुण्यातल्या एखाद्या व्यापारी इमारतीत सुमारे १,६०० चौरस फूट कारपेटची (म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरता येणारी) जागा भाड्याने घेऊन सोळा माणसांची कचेरी थाटणाऱ्यांसाठी लिहिला आहे. माणसे कमीजास्त असतील तर आकडे बदलतील. कामांचा क्रम मात्र हाच ठेवावा.

जागा शोधण्यापूर्वी दोन आठवडे नोंद ठेवावी

दलालाला फोन करण्याआधी प्रत्येकाने दोन आठवडे दर तासाला एका कागदावर खूण करावी. खुणा चारच असाव्यात: एकट्याने शांतपणे करायचे काम, शेजारच्याशी बोलत करायचे काम, फोन किंवा व्हिडिओ कॉल, आणि चारपेक्षा जास्त जणांची बैठक. त्याच कागदावर टेबलावर काय काय पसरावे लागते याची नोंद असावी, कारण चित्रकाराला दोन मोठे कागद शेजारी शेजारी ठेवायचे असतात, मुद्रितशोधकाला कोश उघडे ठेवायचे असतात आणि प्रोग्रामरला बहुधा दुसऱ्या पडद्याखेरीज काहीच नको असते. ही नोंद मालकाने अंदाजाने भरू नये. मालकाचा स्वतःचा दिवस बैठकांत जातो, त्यामुळे सगळ्यांचाच दिवस बैठकांत जात असावा असे त्याला प्रामाणिकपणे वाटते आणि मग चौदा खुर्च्यांची काचेची कॉन्फरन्स रूम बांधली जाते, जी आठवड्यातून एकदा भरते.

या नोंदीतून एक आकडा आवर्जून काढावा: एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण कॉलवर होते. परदेशी ग्राहक असलेल्या मंडळींचे कॉल संध्याकाळी सहानंतर एकत्र येतात, म्हणून सरासरी काढून उपयोग होत नाही. सोळा जणांत तिघे एकाच वेळी बोलताना वारंवार आढळले, तर बोलायच्या तीन बंद जागा हव्यात. दोन फोन-बूथ आणि एक लहान बैठकीची खोली एवढ्यात ते भागते.

जागा पाहायला तीन वेगवेगळ्या वेळी जावे

सकाळी अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी साडेसहा अशा तीन वेळी जागेत जाऊन एसी बंद करून दहा मिनिटे नुसते बसावे. शेजारची शाळा सुटण्याची वेळ, खालचे मंगल कार्यालय, सिग्नलला थांबणाऱ्या बस, ही माहिती जाहिरातीत नसते. नदीकाठच्या भागात जागा असेल तर गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव कुठे चालतो हे खालच्या दुकानदाराला विचारावे. तो तारखेसकट सांगेल.

खिडक्यांचा हिशेब फूटपट्टीने करावा. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच असेल त्याच्या साधारण दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंतच कामाला पुरेसा उजेड आत पोचतो. सात फुटांचा काठ असेल तर पंधरा-सतरा फूट. म्हणजे एकाच बाजूला खिडक्या असलेला पस्तीस फूट खोल हॉल कितीही मोकळा वाटला, तरी त्याचा मागचा अर्धा भाग दिवसभर ट्यूबलाइटवर चालणार आहे. तिथे बूथ, स्टोअर, प्रिंटर आणि बैठकीची खोली जाईल. माणसांची रोजची टेबले जाणार नाहीत. दलाल सांगतो तो क्षेत्रफळाचा आकडा बहुधा लोडिंग, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा, धरून असतो, म्हणून टेप घेऊन कारपेट स्वतः मोजावे. निवासी सोसायटीतला फ्लॅट घेण्याचा मोह असेल तर सोसायटीची लेखी संमती आणि वापरबदलाची परवानगी आधी तपासावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली कामगारांच्या संख्येप्रमाणे नोंदणी करावी लागते किंवा सूचना द्यावी लागते आणि त्या वेळी पत्त्याचे कागद लागतातच.

आवाजाची प्रतवारी

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हा आहे, कारण विचारपूर्वक करायच्या कामाला सर्वाधिक त्रास समजू शकणाऱ्या बोलण्याचा होतो. पंख्याची घरघर, पाऊस, रस्त्यावरची अस्पष्ट गजबज यांकडे मेंदू काही वेळाने दुर्लक्ष करू शकतो. पण दोन टेबलांपलीकडे कोणी ‘अहो, ते बिल अजून पास झालं नाही’ असे म्हणाले की कान आपोआप तिकडे जातो आणि हातातले वाक्य सुटते.

भिंती काढल्या की माणसे एकमेकांशी जास्त बोलतील या समजुतीवर जगभरातल्या मोकळ्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. हार्वर्डच्या एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या मुख्यालयांत, मोकळ्या रचनेत जाण्याच्या आधी आणि नंतर, कर्मचाऱ्यांच्या गळ्यात संवेदक अडकवून मोजणी केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाले होते आणि ईमेल व संदेश वाढले होते. यात नवल नाही. सगळ्यांच्या नजरेसमोर बसलेला माणूस स्वतःभोवती हेडफोनची भिंत उभी करतो, आणि इतरांना त्रास नको म्हणून शेजाऱ्यालाही चॅटवर लिहितो.

यावर सोळा बंद केबिन हाही उपाय नव्हे. जुन्या वाड्यात ओटी, चौक, माजघर आणि आतली खोली असा क्रम असे आणि आलेला माणूस कुठवर येणार, कोण कुठे मोठ्याने बोलणार हे त्या क्रमावरूनच ठरे. कचेरीतही तसाच उतरत्या आवाजाचा क्रम लावावा. दाराशी आणि चहाच्या जागेशी गलका चालेल. त्याच्या आत बोलत काम करणाऱ्यांची सात-आठ टेबले असावीत. मग बूथ, बैठकीची खोली आणि कपाटे यांचा एक पट्टा आडवा टाकावा, जो आवाज अडवण्याचेही काम करील. त्यापलीकडे शांत काम करणाऱ्यांची आठ टेबले ठेवावीत, जिथे फोन उचलायचा नाही आणि कोणाला हाक मारायची नाही. शांत भागातून कुठेही जाण्याचा रस्ता असू नये. स्वच्छतागृहाचे दार जर शांत भागात उघडत असेल तर तो भाग शांत राहणार नाही, मग दारावर कितीही पाट्या लावा. अशा वेळी आराखडा उलटा फिरवावा.

चहाची जागा कुठे असावी यावर थोडे जास्त डोके चालवावे. एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी १९७०च्या दशकात अभियंत्यांच्या बसण्याच्या जागांमधले अंतर आणि त्यांचे परस्परांशी बोलणे यांचा संबंध मोजला, तेव्हा अंतर वाढेल तसे बोलणे फार झपाट्याने घटते आणि पन्नासेक मीटरनंतर जवळजवळ उरतच नाही असे दिसले. सोळा माणसांच्या कचेरीत तेवढे अंतर नसते, पण एकाच मजल्यावरचे दोन गट अनोळखी राहू शकतात. अकराचा आणि चारचा चहा दोन्ही गटांनी एकाच ओट्यावर घेतला तर ते टळते. म्हणून चहा-कॉफीची यंत्रे दोन जागी वाटू नयेत, टेबलावर चहा पोचवण्याची पद्धत ठेवू नये, आणि ओट्याजवळ उभ्याने टेकता येईल असे एक उंच टेबल नि फळा ठेवावा.

आता बांधकाम. बूथ आणि बैठकीच्या खोलीचे पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत थांबवू नये. ते थेट वरच्या स्लॅबला भिडले पाहिजे, नाहीतर आवाज सीलिंगच्या वरच्या पोकळीतून पलीकडे उतरतो. ठेकेदार इथेच पैसे वाचवतो आणि वरून काही दिसत नसल्यामुळे ते लक्षातही येत नाही. जिप्सम बोर्डच्या दोन थरांमधल्या पोकळीत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) भरून घ्यावे, दाराला चारही बाजूंनी रबरी पट्टी आणि खाली ब्रशची पट्टी लावावी, आणि पूर्ण काचेच्या भिंतीचा हट्ट सोडावा. दारात एक उभी काच पुरे. हॉलमधला घुमारा कमी करायला लाकडी चौकटीत दोन इंच रॉकवूल भरून वर हातमागाचे कापड ताणलेल्या चार बाय दोन फुटांच्या पाट्या सुताराकडूनच करून घेता येतात. बाजारात तयार मिळणारे पातळ फोम भिंतीला चिकटवून उच्चार कळण्यात फारसा फरक पडत नाही.

शेवटचे बिल देण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. एकाने खोलीत बसून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचावे, दुसऱ्याने बाहेर सर्वांत जवळच्या खुर्चीत बसून ऐकावे. शब्द कळले तर काम अपुरे आहे. नुसता सूर ऐकू आला आणि बातमी कोणती ते सांगता आले नाही, तर पैसे द्यावेत.

हवा

खोली जितकी चांगली बंद कराल तितकी हवा लवकर शिळी होते, आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो तीच हवा गार करून फिरवतो. हिशेब सोपा आहे. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बैठकीची खोली १२ चौरस मीटरची आणि २.८ मीटर उंच असेल तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. सहा माणसे आत बसून दार लावले की तासाला १०८ लिटर वायूची भर पडते, म्हणजे दर तासाला सुमारे ३,२०० पीपीएमची (हवेच्या दर दहा लाख भागांत ३,२०० भागांची) वाढ. बाहेरच्या हवेत हे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम असते. एक हजाराच्या आत राहिले तर बरे मानले जाते. अकरा-बारा मिनिटांतच ती रेषा ओलांडली जाते, आणि पाऊण तासाने सगळे जांभया देऊ लागले की दोष विषयाला दिला जातो.

बूथची गोष्ट याहून वाईट. १.२ बाय १.५ मीटरच्या, २.४ मीटर उंच बूथमध्ये चार-सव्वाचार घनमीटरच हवा असते, त्यामुळे एकटा माणूस पंधरा मिनिटांत तिथे हजार पीपीएमची भर घालतो. म्हणून प्रत्येक बूथला स्वतःचा छोटा पंखा आणि बैठकीच्या खोलीला तासाला निदान २०० घनमीटर हवा ओढणारा एक्झॉस्ट फॅन हवाच. तो थेट इमारतीच्या बाहेर सोडावा. आत येणाऱ्या हवेसाठी दाराच्या खाली फट ठेवली तर वर केलेला आवाजाचा सगळा बंदोबस्त वाया जातो. त्याऐवजी दाराच्या वर आतून रॉकवूल लावलेली, दोन वळणे असलेली पेटी बसवावी. तीतून हवा वळत येते आणि आवाज बराचसा तिथेच मरतो. सुताराला कागदावर आकृती काढून दाखवावी, तोंडी सांगून ही पेटी बरोबर होत नाही. एनडीआयआर (अवरक्त किरणांनी वायू मोजणारा) संवेदक असलेले कार्बन डायऑक्साइडचे एक मापक काही हजार रुपयांत मिळते. ते बैठकीच्या खोलीत सगळ्यांना दिसेल असे ठेवावे.

तापमानाचा वाद कोणत्याही आराखड्याने मिटत नाही, पण कमी करता येतो. २०२० पासून स्टार लेबलचे रूम एसी सुरू करताच तापमान २४ अंशांवर लावलेले असते. छताचे पंखे काढून टाकले नाहीत तर एसी २६ वर ठेवूनही चालतो आणि ज्याला वारा हवा तो पंख्याखाली बसतो. ‘लूक’साठी पंखे काढायला सांगणाऱ्या सजावटकाराचे हे एवढे ऐकू नये.

उजेड

उत्तरेच्या खिडक्यांचा उजेड कामाला उत्तम, हे खरे, पण आपल्याकडे त्याला एक पुरवणी आहे. पुणे आणि मुंबई दोन्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो, त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. जूनच्या दुपारी तो जवळजवळ डोक्यावर असल्याने दीड-दोन फुटांचा छज्जा त्याला अडवतो. मात्र त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेच्या खिडकीतूनही संगणकाच्या पडद्यावर येते. पश्चिमेच्या खिडकीला आतला पडदा पुरत नाही, कारण काचेतून उष्णता आधीच आत आलेली असते. बाहेरून बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा लावता आला तर तो सर्वांत स्वस्त उपाय.

टेबले खिडकीला काटकोनात मांडावीत, म्हणजे उजेड डाव्या किंवा उजव्या बाजूने येतो. खिडकीकडे पाठ केली तर पडद्यावर तिचे प्रतिबिंब पडते, तोंड केले तर डोळे दिपतात. कृत्रिम प्रकाशासाठी टेबलावर ३०० ते ५०० लक्स, ४,००० केल्विनच्या आसपासचा पांढरा रंग, आणि रंगांचे काम असेल तिथे ९०च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) असलेले दिवे घ्यावेत. छताचे दिवे सौम्य ठेवून प्रत्येक टेबलाला वेगळ्या बटणाचा दिवा दिला तर पहाटे येणारा आणि रात्री थांबणारा, दोघांचेही भागते.

टेबल, खुर्ची आणि स्वतःची जागा

सुताराला काही सांगितले नाही तर तो टेबल तीस इंच उंच करतो. पाच फूट उंचीच्या व्यक्तीला त्यावर टाइप करताना खांदे उचलावे लागतात. अठ्ठावीस इंच सांगावे; कमी पडले तर टेबलाच्या पायांखाली ठोकळे लावता येतात, जास्त झाले तर कापावे लागते. टेबल पुढून मागे अडीच फूट ठेवावे. खर्चात कात्री लावायची तर ती टेबलाच्या मायक्याला लावावी, खुर्चीला नाही. खुर्ची निवडताना कचेरीतली सर्वांत उंच आणि सर्वांत बुटकी व्यक्ती दुकानात सोबत न्यावी.

सोळा माणसांसाठी अकराच टेबले ठेवून भाडे वाचवण्याची कल्पना अधूनमधून पुढे येते. शायट/डे या जाहिरात कंपनीने १९९४च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आपल्या प्रसिद्ध कचेरीत, फ्रँक गेरी यांनी आखलेल्या आणि दारात अवाढव्य दुर्बीण असलेल्या त्या इमारतीत, सगळ्यांची टेबले काढून टाकली होती. रोज सकाळी लॅपटॉप आणि फोन मागून घ्यायचा आणि मिळेल तिथे बसायचे. माणसांनी गाडीच्या डिकीत फायली ठेवायला सुरुवात केली, जागा धरण्यासाठी लवकर येण्याची शर्यत लागली, आणि १९९८ मध्ये नव्या जागेत जाताना कंपनीने प्रत्येकाला पुन्हा टेबल दिले. आठवड्यातले दोनच दिवस येणाऱ्यांसाठी सामाईक टेबल ठीक आहे. रोज येणाऱ्याला त्याचे टेबल आणि एक कुलपाचा खण असावा.

भिंती

अर्धवट कामे दिसत राहिली तर त्यावर कोणीतरी जाता जाता बोलतो, आणि पुष्कळ चांगल्या सूचना अशाच मिळतात. त्यामुळे बोलत्या भागातल्या निदान एका लांब भिंतीवर खांद्यापासून हात पोचेल तिथपर्यंत सॉफ्टबोर्ड लावावा आणि त्यावर छापील पोस्टर लावण्यास मनाई करावी. व्हाइटबोर्ड बैठकीच्या खोलीत एक आणि चहाजवळ एक पुरतो. शांत भागातल्या भिंती मोकळ्या ठेवाव्यात.

वीज

प्रत्येक टेबलाला चार प्लग, जमिनीत खाचा न मारता केसिंगमधून (भिंतीवर बसवलेल्या तारांच्या पट्टीतून). राउटर आणि स्विचला वेगळा लहान यूपीएस द्यावा. पुण्यात दुरुस्तीसाठीची वीजबंदी बहुधा गुरुवारी येते. लॅपटॉप बॅटरीवर चालतात, इंटरनेट मात्र बंद पडते.

पंधरा टक्के पैसे आणि अधिकार बाजूला ठेवावेत

एमआयटीच्या आवारात १९४३ साली रडारच्या संशोधनासाठी घाईने बांधलेली ‘बिल्डिंग २०’ ही लाकडी इमारत तात्पुरती म्हणून उभी राहिली आणि १९९८ पर्यंत टिकली. ती उन्हाळ्यात तापे, तिचे रूप ओबडधोबड होते, पण एखाद्याला तारा ओढायच्या असल्या तर तो भिंतीला सरळ भोक पाडी आणि त्याला कोणी अडवत नसे. भाषाशास्त्रापासून ध्वनिशास्त्रापर्यंत अनेक विषयांची महत्त्वाची कामे तिथे झाली. इंग्लंडमधल्या एक्झेटर विद्यापीठाच्या क्रेग नाइट आणि ॲलेक्स हॅस्लम यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ओक्याबोक्या खोलीच्या तुलनेत झाडे आणि चित्रे असलेल्या खोलीत काम १७ टक्के अधिक झाले, आणि तीच झाडे-चित्रे स्वतःच्या मनाप्रमाणे मांडू दिली तेव्हा ३२ टक्के. माणसांनी केलेली मांडणी संशोधकांनी परत बदलली, तेव्हा हा फायदा बव्हंशी निघून गेला. तेव्हा झाडे कुठे, चित्रे कोणती, टेबलाची दिशा कुठली, हे सजावटकाराने ठरवून देण्यात स्वतःचेच नुकसान आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा, की अंदाजपत्रकातली पंधरा टक्के रक्कम उद्घाटनाच्या दिवशी शिल्लक असावी आणि ती खर्च करण्याचा अधिकार तिथे बसणाऱ्यांकडे असावा. शांत भागाचे नियम त्या आठ जणांनीच लिहावेत. फर्निचर भिंतीत चिणू नये, जड कपाटांना चाके लावावीत, आणि सुताराशी ठरवताना तीन महिन्यांनी दोन दिवस परत येण्याचे बोलून ठेवावे. भिंतींचा रंगही तेव्हाच निवडावा. तोपर्यंत पांढरा डिस्टेंपर चालतो.

तीन महिन्यांनी तीच चार खुणांची नोंद पुन्हा आठवडाभर ठेवावी आणि पहिल्या नोंदीशेजारी मांडून पाहावी. बूथबाहेर माणसे ताटकळत असतील तर तिसरा बूथ बांधण्याची घाई न करता, आधी बैठकीची खोली संध्याकाळी सहानंतर फक्त कॉलसाठी राखून दोन आठवडे पाहावे. शांत भागातली टेबले रिकामी पडत असतील तर त्याचे कारण बहुधा तिथला एसी किंवा स्वच्छतागृहापासूनचे अंतर असते. ते तिथे बसणाऱ्यालाच विचारावे आणि सुतार येण्याआधी विचारावे.